शितलने मागे घेतलेला शोध

शितल माझी विद्यार्थिनी. मी चंद्रिका, तलासरीच्या शाळेत तिला विज्ञान शिकवलं. पोरगी महाहट्टी! उत्तर चुकलं की पान फाडून पुन्हा लिहायची. आता मुंबईत जिवाणूंवर पीएच.डी. करते. तिची आई, काळी नाव तिचं, डहाणूकडे चिकूच्या वाडीत मजुरीला जाते.

शितलने काहीतरी मोठं शोधलं अशी बातमी आली आणि तिच्या उधवा गावाने लगेच सत्कार ठरवला. आपल्याकडे हार आधी, चौकशी मागून! काळी घरोघर आमंत्रणं देत फिरली. वाडीच्या शेठाणीलाही बोलावून आली.

सत्काराच्या सकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर शितल रडवेली. "बाई, सगळं चुकलंय."

"नीट सांग. आईलाही कळू दे."

ती सांगू लागली. जिवाणूच्या पेशीत प्रथिनाचा लांब धागा बनतो, मग त्याची घडी पडते आणि तेलकट भाग आत लपतात. घडी पडेपर्यंत ते उघडे असतात, एकमेकांना चिकटून गोळा व्हायची भीती. चॅपरोन नावाचं दुसरं प्रथिन नेमके तेच उघडे तुकडे ओळखतं, धरून ठेवतं, मग सोडतं. शितलचा दावा होता की घडी पडलेल्या एका प्रथिनालाही चॅपरोन धरतं. पण महालक्ष्मीच्या जत्रेला ती विवळवेढ्याला आली, तेव्हा तिकडे लॅबचा फ्रीज बंद पडला आणि प्रथिनाची घडी मोडली; तेच तिने प्रयोगात वापरलं. कुणी तिला सांगितलंसुद्धा नाही, मेल्यांनी! आता तिने ताजं प्रथिन घेऊन पाहिलं, तर चॅपरोन त्याच्याकडे ढुंकूनही बघेना.

"म्हणजे तू काय शोधलंच नाय?" काळीने विचारलं.

"नाही गं आय."

"मग आज नको सांगू. उद्या सांग. आज शेठाणी येते माझ्यासाठी."

मला भयंकर राग आला, पण कुणाचा ते कळेना.

संध्याकाळी तिने माईक घेतला. "घडी मोडलेल्या प्रथिनाला चॅपरोन धरतं, घडी पडलेल्याला नाही. माझा आधीचा निष्कर्ष मी मागे घेते."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! पोर कसं मोठं मोठं बोलते म्हणून लोक खूश. शेठाणी तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. काळी तेवढी नव्या लुगड्याच्या पदरात दोन्ही हात गुंडाळून बसली होती.