घंटावाल्याची सोळा पानं

अगं बाइंडरीणबाई,

वाचनालयाच्या स्मरणिकेला तुझ्यावर चार पानं हवी आहेत. तुला विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "पुस्तकं शिवली, अजून काय?" आणि विषय संपला असता. म्हणून मीच लिहिते. नाही आवडलं तर लेकीकडे बसून खुशाल नाक मुरड. तिथून तुझा आवाज इथवर येत नाही, एवढाच तू गेल्याचा फायदा.

लग्न होऊन आलीस तेव्हा सासऱ्यांनी चुलीच्या आधी खळीचं पातेलं दाखवलं. नवरा गेला तेव्हा दिरांनी बाइंडिंगचं दुकान विकायला काढलं. तू पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा दोरखंडाने बांधून आपल्या खोलीत ओढत आणलास आणि म्हणालीस, "दुकान विका. हा माझा." ती खोली माझ्या खालच्या मजल्यावरची. खिडकीशी टेबल, टेबलावर टोचा, मेण लावलेला दोरा, ओलं फडकं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं एकवीस वर्षं तिथे येत राहिली आणि धड होऊन परत जात राहिली. शिवताना तू पुटपुटायचीस. प्रार्थना असते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कान देत नव्हते. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला. देवाने एकाही लढाईत हात घातल्याचा पुरावा मला सापडला नाही. तू दर गुरुवारी प्रार्थनाघरात जायचीस, मी तुझ्या खोलीची किल्ली सांभाळायची. वाद नाही. मैत्रीत हे बरं असतं.

निवृत्तीनंतर मी कादंबऱ्या लिहू लागले. कधीच नसलेल्या एका जुन्या राज्याच्या. तिथे दगडी पंखांचे पक्षी आकाशातून उतरून घरं फोडतात, आणि बुरुजावरच्या घंटेच्या आवाजानेच परततात. घंटा वाजवणारा म्हातारा भाविक. त्याचा जिवलग दोस्त तलवारबाज, देव-धर्म न मानणारा. प्रकाशकाकडे जायच्या आधी हस्तलिखित तू शिवायचीस. पहिल्यांदा सुटे कागद आणले तर केवढी डाफरलीस! "बाई, तुम्ही कॉलेजात शिकवलंत ना? सुटे कागद शिवतात का कधी? दुमडून आणा." मग मी चार-चार कागद एकात एक दुमडून, त्यावरच लिहू लागले. सोळा पानांचा एक फर्मा.

तिसरा भाग शुक्रवारी तू दाखवायला वर आणलास. शिवण झाली होती, पाठीला खळ लागायची होती. सोमवारी प्रकाशकाचा माणूस येणार होता. चुकला असता तर पुस्तक पुढच्या वर्षी, आणि माझ्या वयात पुढचं वर्ष धरून चालता येत नाही. मी चाळलं, तर वेढ्याच्या प्रकरणात मधेच सोळा कोरी पानं!

"हे काय?"

"तिथे कमी पडतंय."

"काय कमी पडतंय?"

"घंटा तडकते. म्हातारा गुडघे टेकतो. तुम्ही लिहिलंय, 'त्याने प्रार्थना केली. पक्षी परतले नाहीत.' एवढंच? त्या तलवारवाल्याने तलवारीला धार लावली तर दोन पानं. चाळीस वर्षं प्रार्थना करणाऱ्या माणसाला तीन शब्द?"

"माझं पुस्तक आहे ते."

"पण म्हातारा खोटा झालाय. तो काय बोलला ते लिही."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा तू मला 'तू' म्हणालीस, आणि चूक लक्षातही न येता तरातरा खाली निघून गेलीस.

मी चिडले. कात्री घेतली आणि कोऱ्या पानांमधले टाके कापले. पुस्तकाच्या सगळ्या फर्म्यांतून एकच दोरा फिरतो, हे इतकी वर्षं समोर बसून मला कळलं नव्हतं. कोरी पानं तर निघालीच, त्यांच्या मागोमाग पुढचं-मागचं सगळं सैल झालं आणि अख्खा वेढा जमिनीवर पसरला. शहाणपणाची शर्थ!

पिशवीत भरून खाली आले. तू पिशवीत डोकावलीस. हसली नाहीस, हे उपकार.

"कात्रीने?"

"हो."

"शिकलेल्या बायकांचं असंच असतं."

"शिवशील का नाही?"

"शिवते की. आधी लिही."

"अगं, मला येत नाही! मी आयुष्यात प्रार्थना केलेली नाही. तूच सांग, तो काय म्हणतो?"

"माझं मी तुला कसं सांगू?" तू दोऱ्याला मेण लावत म्हणालीस. "तुझा तलवारवाला काय करत असतो तेव्हा?"

"दाराबाहेर उभा असतो. पहाऱ्याला."

"मग त्याला काय ऐकू येतं तेवढं लिही."

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. तू वाचनालयाचं कुठलंसं पुस्तक शिवायला घेतलंस आणि सवयीने पुटपुटू लागलीस. पहिल्यांदाच मी कान दिला. मला वाटायचं काही भव्य असेल. तू देवाशी कुरकुरत होतीस! दोरा कुजका देतात, बघ जरा. नातीचा खोकला. कोपऱ्यावरच्या चांभाराचा मुलगा, त्याला काम लाव. धाकट्या दिराला अक्कल दे, थोडी दिलीस तरी चालेल. आणि मग, टाका ओढता ओढता, "ती वरची भांडकुदळ. तिचा रक्तदाब. तिला तुझ्याशी बोलायचं नसतं, म्हणून मी सांगते."

मी उठले आणि वर गेले.

शनिवार-रविवारात सोळा पानं भरली. दाराबाहेर तलवारबाज ऐकतो: म्हातारा दोरखंडाबद्दल, गुडघ्यांबद्दल, आजारी शेजाऱ्यांबद्दल तक्रारी करतो आहे, आणि त्या यादीत मधेच, एका बकरीच्या नंतर, तलवारबाजाचं नाव येतं. पक्षी तरीही परतत नाहीत. ते मी बदललं नाही. पण तलवारबाज दार उघडून आत जातो आणि तडकलेली घंटा दोघं मिळून वाजवतात.

तू उभ्यानेच वाचलंस.

"चोरलंस की गं."

"हो."

"बकरी कुठून आली?"

"ती माझी."

सोमवारी सकाळी पुस्तक तयार होतं. वाचकांची पत्रं येतात ती त्याच सोळा पानांबद्दल, आणि मी मान ताठ ठेवून ती स्वीकारते. अर्धी तुझी आहेत, हे आज छापून सांगितलं.

त्याच महिन्यात प्रार्थनाघराचा मोठा ग्रंथ तुझ्याकडे दुरुस्तीला आला. एकटीला उचलेना. परत द्यायची वेळ आली तेव्हा तू आत ये वगैरे काही म्हणाली नाहीस. "गुरुवारी चारला," म्हणालीस, "एक बाजू तू धर." मी हो म्हटलं आणि दोन दिवस मनात प्रार्थनाघराच्या पायऱ्या मोजत होते. बुधवारी प्रार्थनाघराचे दोन गडी हातगाडी घेऊन आले आणि ग्रंथ घेऊन गेले.

"बरं झालं," तू म्हणालीस, "तुझी कंबर वाचली."

मी हो म्हटलं. कंबर ठणठणीत होती माझी.