त्या पुरणपोळ्या केल्या कुणी?

माझे सासरे ख्रिस्ती कीर्तनकार होते आणि सासूबाई त्यांच्या कीर्तनाला कधी जात नसत.

त्यात रुसवाफुगवा काही नव्हता. बारामतीत कालव्याच्या अंगाला आमचं तीन खोल्यांचं घर होतं, पुढं पत्र्याची पडवी. नवं आख्यान बसवायचं झालं की मामंजी चिपळ्या घेऊन पडवीत फेऱ्या मारायचे आणि आतल्या चुलीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू यायचा. "घरात धा येळा ऐकून हुतं. आन परत तितं जाऊन काय ऐकायचं?" असं आत्याबाई म्हणायच्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे.

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती पहिली दोन-चार वर्षं. मी नगरकडची, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेली. तिथल्या बाईंनी मला पेटी शिकवली होती. मला बघायला आले तेव्हा मामंजींनी स्वयंपाकाचं काही विचारलंच नाही. "काळी दोनच्या सुरात साथ जमेल का?" एवढंच विचारलं. मी जमेल म्हणाले, आणि लग्न ठरलं. माझे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते, पण रविवारी दुपारनंतर ते तबलजी. असा आमचा घरातल्या घरातच कीर्तनाचा फड जमला होता. मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून पेटी वाजवायची. गायचे ते फक्त मामंजी.

मामंजींची प्रार्थना लांब असे. सकाळचा चहा निवून जाई, तरी ती देशाच्या पुढाऱ्यांपर्यंतसुद्धा आलेली नसे. आत्याबाईंची प्रार्थना मात्र भाकरीएवढी. भाकरी तव्यावर टाकली की पुटपुटायच्या, "देवबापा, फुगू दे रे हिला." फुगली की म्हणायच्या, "उपकार." नवी नवरी असताना मला हे ऐकून हसू यायचं. पुढं केव्हा मीही तसंच म्हणायला लागले ते कळलं नाही.

सणसरचे एक ऊसवाले दवाखान्यात औषधाला येत. घरातले थोरले, सगळे त्यांना तात्या म्हणत. आमच्या घरी कीर्तन असतं हे त्यांना यजमानांकडून कळलं. "देवाचंच नाव घेत्यात ना? मंग आमच्या गुऱ्हाळावर या की एकदा," ते म्हणाले. आम्ही एका रविवारी दुपारी पेटी-तबला घेऊन एस.टी.नं सणसरला गेलो.

गुऱ्हाळाशेजारच्या चिंचेखाली घोंगड्या टाकल्या होत्या. कढईतल्या रसाचा गोड वास सगळीकडं पसरला होता. पुढं पुरुष, एका बाजूला बायका, उसाच्या चोयट्यांच्या ढिगावर पोरं. मामंजींनी आख्यान लावलं उधळ्या पुत्राचं. बापाच्या दोन मुलांपैकी धाकटा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उडवतो, उपाशी मरायची पाळी येते तेव्हा घरी परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. शास्त्रात, म्हणजे बायबलात, बाप पुष्ट वासरू कापायला सांगतो. मामंजी ते वासरू गावात कधी कापत नसत. ज्यानं वासराला हातानं चारा घातलाय त्याच्यापुढं ते कापलं तर पुढचं आख्यान कोण ऐकणार? म्हणून त्यांच्या कीर्तनातला बाप म्हणायचा, "चला, पुरणपोळ्या करा!" आणि मी पेटीवर एक झोकदार तान घ्यायची.

त्या दिवशीही ती तान झाली. मग थोरला मुलगा रानातून आला, घरातलं वाजणं-गाणं ऐकून दाराबाहेरच रुसून उभा राहिला. इथं मामंजी त्याला चांगलं धारेवर धरायचे. ते धरणार, तोच तात्या उभे राहिले.

"बुवा, जरा थांबा. त्या थोरल्याचं चुकलं काय?"

माझा भात्यावरचा हात थांबला.

"भाऊ परत आला आणि ह्याला आनंद झाला नाही," मामंजी म्हणाले.

"आवो, पर तो रानातनं आला हुता ना? दिसभर राबून? घरात वाजाप लागलंय, आन ह्याला बोलवायला कुणी बांधावर गेलं न्हाय. गड्याला इचारून कळलं त्येला. मंग रुसंल न्हाय तर काय करंल?"

"बराबर हाय, तात्या!" मागून दोघंतिघं ओरडले. बायकांतही कुजबुज झाली.

"पण बाप त्याची समजूत घालायला स्वतः बाहेर आला," मामंजी म्हणाले.

"आला ना? झ्याक झालं. मंग ह्यो आत गेला का न्हाय?"

मामंजींनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या. हवं तर ते दोन शब्दांत सुटले असते, पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ते शास्त्रात लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"म्हंजी गोष्ट आर्धीच हाय की!" तात्या म्हणाले. मग मोठ्यानं हसून त्यांनी हात जोडले. "बुवा, राग मानू नका. तुमचं गाणं ग्वाड हाय. पर आमचं गुऱ्हाळ उलगंल तवा परत या, आन ही गोष्ट पुरी करून आणा."

निघताना त्यांनी आम्हाला गुळाची एक लहान ढेप दिली. परतीच्या एस.टी.त मामंजी ती मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना यजमानांनी सगळी हकिकत आत्याबाईंना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि मामंजींना विचारलं, "मला येक सांगा. त्या पुरणपोळ्या केल्या कुणी?"

"कुठल्या पुरणपोळ्या?"

"तुमच्या गोष्टीतल्या. इतकी वर्सं ऐकतीया मी. म्हातारा म्हनतो पुरणपोळ्या करा, आन लगीच पंगत बसती. डाळ कुणी शिजवली? पुरण कुणी वाटलं?"

"त्यांच्याकडं नोकरचाकर होते."

"पोरगं इतक्या दिसांनी घरी आलं, आन आईनं सैपाक गड्यांवर टाकला? हुईल का असं?"

"अगं, त्या गोष्टीत आई नाहीच आहे. शास्त्रात नाही."

"गोष्टीत नसंल. घरात हुती का न्हाय? का दोन्ही पोरं म्हाताऱ्यालाच झाली?"

यजमानांना चहाचा ठसका लागला. मी तोंडावर पदर धरला. मामंजी आत्याबाईंकडं वळले. "मग इतकी वर्षं हे विचारलं का नाहीस?"

"तुमी कवा मला इचारलं, कसं वाटलं म्हणून?"

मामंजी कप ठेवून पडवीत गेले. त्या दिवशी चिपळ्या वाजल्या नाहीत.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. आत्याबाई पोळ्या लाटत होत्या आणि मी भाजत होते, तेव्हा मी हळूच विचारलं, "आत्याबाई, त्या घरातल्या आईनं काय केलं असेल हो?"

त्यांना विचारही करावा लागला नाही. "काय करनार? पयली पोळी थोरल्याची झाकून ठेवली आसंल. धाकला मागंल, पर ती द्यायची न्हाय त्येला. घरात राबतो त्येचं आधी. मंग थोरला काय आत येईना. म्हातारा बाहीर जाऊन बोलाया लागला. बापय माणूस बोलाया लागला की लांबतंच. आई बोलंल कशाला? ती पाट घेऊन त्येच्यापाशी जाऊन बसंल."

त्यांच्या बोलण्यालाच चाल होती. मला नव्यानं फार काही करावं लागलं नाही. मी जात्यावरच्या ओवीची चाल धरली आणि गुणगुणले:

पयली माझी पोळी, ताटात वाढीयेली
थोरल्या लेकासाठी, झाकून ठेवीयेली.

आत्याबाईंचं लाटणं थांबलं. "आगं बया," त्या म्हणाल्या, "हे तर गाणं झालं." मग त्यांनीच पुढची जोडली:

रुसला माझा वाघ, बसला उंबऱ्याशी
पाट मी घेऊन जाते, बसते त्याच्यापाशी.

आम्ही दोघी हसत हसत पुढच्या ओव्या करत गेलो. तव्यावरची पोळी करपली तेव्हा कुठं भानावर आलो. मागं बघते तर मामंजी दारात उभे. केव्हापासून उभे होते देव जाणे.

"शास्त्रात भर घालता येत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. ज्या पुस्तकानं गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वडिलांना माणूस म्हणून उभं केलं, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायला त्यांचा जीव धजत नव्हता. पुढचे काही दिवस ते त्याच विचारात होते. एकदा तर जेवताना वाटीतल्या आमटीकडं बघत म्हणाले, "पाटच का नेला तिनं?" आत्याबाई म्हणाल्या, "भुईवर बसल्यावर गुडघं दुखत्यात म्हाताऱ्या बाईचं." त्यावर त्यांनी मान डोलावली, जणू मोठा दाखला मिळाला.

मग एका सकाळच्या प्रार्थनेत ते म्हणाले, "प्रभू, तू ही गोष्ट दार उघडं ठेवून सोडलीस. त्या दारातून माझ्या घरची बाई बघते आहे. तुला चालत असेल तर मी तिला बघू देतो." आमेन झाल्यावर त्यांनी आम्हाला ठरलेलं सांगितलं. शास्त्र संपतं तिथं ते पुस्तक मिटतील आणि इथून पुढचं शास्त्रातलं नाही असं स्वच्छ सांगतील. ओव्या मी गायच्या.

"मी?" मी विचारलं. चारचौघांत सुनेनं गाणं म्हणजे काय होतं ते आज सांगून कळायचं नाही.

"बाईचं बोलणं माझ्या आवाजात शोभेल का, सूनबाई?" मग आत्याबाईंकडं वळून म्हणाले, "आणि तू येणार आहेस. गोष्ट तुझी आहे."

"आन चुलीचं काय?"

"चूल कुठं पळून जात नाही."

आत्याबाईंनी लग्नातलं हिरवं लुगडं काढलं.

गुऱ्हाळ उलगलं, हंगाम संपला, त्या रविवारी सणसरला पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं होती. गोष्ट पुरी होणार ही बातमी पसरली होती. तात्या पुढंच मांडी घालून बसले होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईला काठी टेकत टेकत आणून बायकांत बसवलं होतं, आत्याबाईंच्या जवळच.

आख्यान थोरल्यापाशी आलं. मामंजींनी हातातलं पुस्तक मिटून कपाळाला लावलं. "मंडळी, इथपर्यंत देवाचा शब्द. इथून पुढं आमच्या मंडळींचं म्हणणं." लोक हसले. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

पहिल्या ओळीची सम मी चुकवली. यजमानांनी ठेका थांबवला नाही, मला धीर देण्यासाठी जरा हळू केला. मी डोळे मिटले आणि गायले. 'झाकून ठेवीयेली' म्हटलं आणि बायकांतून आवाज आला, "व्हय गं बाय!" तात्यांची आई होती ती. मग मला भीती राहिली नाही. पाटाच्या ओवीला तर बायकांनी माझ्यामागं ती ओळ उचलली. मी एकदा डोळे उघडून बघितलं. आत्याबाई ओठ मिटून, ताठ बसून, अंगठ्यानं बोटांवर ताल धरत होत्या.

ओव्या झाल्यावर मामंजी पुढं सांगू लागले. आई बाहेर लेकाशेजारी बसली. बाप आला होता, तोही पाटाशेजारी टेकला. मग दारात धाकटा दिसला, हातात पाण्याचा तांब्या. त्यानं वाकून थोरल्याच्या हातावर पाणी घातलं.

"मंग?" तात्या म्हणाले. "आत गेला का थोरला?"

"तात्या, आता आत होतं कोण?" मामंजी म्हणाले. "पंगतच बाहेर आली."

तात्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. "आता झाली गोष्ट," ते म्हणाले, आणि एकदम हशा उसळला, टाळ्या पडल्या, पोरं ढिगावरून घसरत खाली आली.

त्या दिवशी तात्यांच्या घरी जेवणही होतं. त्या काळी कुठल्याही गावात आमची पानं वेगळी, अंगणाच्या कडेला मांडायचे. तशी ती मांडली होती, आणि आम्हीही रीतीप्रमाणं जाऊन बसलो होतो. तात्या घराच्या पायरीपर्यंत गेले, थांबले, मागं बघितलं. मग आतल्या माणसाला म्हणाले, "माझं पान हितं आण."

घरचे घुटमळले. तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत आली आणि आत्याबाईंच्या शेजारी बसलीसुद्धा. "पाट आणा गं कुणीतरी," ती म्हणाली, "माझं बी गुडघं दुखत्यात." सगळं गाव येऊन बसलं असं मी म्हणणार नाही. काहीजण तोंड फिरवून निघून गेले. पण तात्यांचे दोन भाऊ आले, गुऱ्हाळावरचा गुळव्या आला, दोन-तीन बायका आल्या. आणि पानात होत्या पुरणपोळ्या. मामंजींनी आयुष्यातली सर्वांत आखूड प्रार्थना केली. आत्याबाईंनी एक घास खाल्ला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "जायफळ जरा जास्तच झालंय. पर बोलू नगंस."

त्या वर्षी सणसरकडच्या एका हळदीत आमच्या ओव्या म्हटल्या गेल्याचं यजमान दवाखान्यातून ऐकून आले. त्यात दोन ओव्या नवीनच होत्या, कुणी जोडल्या ठाऊक नाही. आमच्या चर्चच्या पाळकांच्याही कानावर गेलं. ते मुद्दाम येऊन बसले, सगळ्या ओव्या ऐकल्या आणि जाताना पोळीची कृती विचारून गेले.

आत्याबाई तेव्हापासून प्रत्येक कीर्तनाला येऊ लागल्या. पिंपळीला, इंदापूरला, एकदा बैलगाडीतून पार निरवांगीपर्यंत. मामंजी नवं आख्यान आता पडवीत बसवत नसत. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घोंगडी टाकून बसायचे. हरवलेल्या नाण्याची गोष्ट त्यांनी तिथंच बसवली. बाईला नाणं सापडतं, ती शेजारणींना बोलावते आणि सगळ्या मिळून आनंद करतात, इथपर्यंत ते आले आणि थांबून आत बघू लागले.

"शेजारणी आल्या ना?" आत्याबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "मंग आधी दूध किती हुतं घरात ते सांगा. च्या पुरला पायजे."