घोषणाबाईंचा अडलेला घास

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायच्या म्हणून सगळे त्यांना घोषणाबाईच म्हणत. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारा प्रवासी पिशवी कवटाळून थेट फलाटाकडे धावायचा. घरी मात्र बाईंच्या तोंडून चकार शब्द नाही. तिथे आवाज सासूबाईंचा!

जेवणाची वेळ म्हणजे तर रोजची परीक्षा. घास घशाखाली उतरता उतरत नसे, प्रत्येक घासामागे पाणी. सासूबाई ओटा पुसून ताटाशी उभ्या. "आटप गं बाई! नखरे तरी किती!" नवी नवरी होत्या तेव्हापासून हेच. शेवटी बाईंनाही पटलं, आपणच मुलखाच्या हळूबाई.

पुढे गळ्याला उजवीकडे गाठ आली. साधीच होती, पण वाढत चालली होती, काढणं भाग होतं. बाईंना एकच धास्ती. आवाज गेला तर? स्थानकावरच्या माईकसमोर सोडलं, तर एरवी त्यांचं ऐकणारं होतं कोण!

तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गिळायला त्रास होतो? पूर्वीपासून?"

"छे हो, मुळीच नाही," बाई घाईने म्हणाल्या. सासूसमोर नखऱ्यांची कबुली कोण देणार?

"मुळीच नाही काय?" सोबत आलेल्या सासूबाई उसळल्या. "चार घास खाईपर्यंत दिवस मावळतो हिचा! विचारा, मी खोटं बोलतेय का!"

केली होती तक्रारच. पण डॉक्टरीणबाईंनी ती नीट ऐकून घेतली आणि छातीचा स्कॅन करायला लावला.

"हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी इथे कमानीसारखी वळते," स्कॅन दाखवत त्या म्हणाल्या. "तिचा उजव्या हाताकडे जाणारा फाटा यांच्यात जन्मापासूनच अन्ननलिकेच्या मागून गेलाय. म्हणून घास अडतो. अशा वेळी आवाजाची उजवी नसही नेहमीची वाट सोडून आडवी, थेट गाठीजवळून जाते. बेसावधपणे कापली गेली असती. आता आधी ती शोधेन, मगच गाठीला हात लावेन."

"म्हणजे... नखरे नव्हते?" सासूबाईंचा चेहरा पार उतरला.

ऑपरेशन झालं. बाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला बघू काहीतरी."

बाईंनी पलंगाशी उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, जेवताना बोलायचात ना, फार लागायचं हो मला."

आवाज शाबूत होता. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी खुर्ची पलंगाला भिडवली आणि बसल्या.

"बोल. राहिलेलं सगळं बोल."