खांबांच्या जागी झाडं

चौथीची परीक्षा घ्यायला डिप्टी साहेब अमरावतीहून दमणीत बसून आले, त्या दिवशी गुरुजींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तीन वर्षं ते आमच्या शाळेत हंगामी होते. निकाल चांगला लागला तर कायम होणार, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून दुसरीकडे जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरुजी आम्हाला फार आवडायचे. मारायचे, पण मारून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटायचं आणि मग ते गोष्ट सांगायचे. त्यामुळे मार खायलाही आमच्यात चढाओढ असे.

मी त्या गावात उपराच. आमचं मूळ घर अकोल्याचं. वडील कापसाच्या जिनात कारकून, त्यांची बदली अचलपूरच्या वाटेवरच्या त्या गावच्या जिनात झाली आणि मी चौदाजणांच्या चौथीत येऊन पडलो. शहरातून आल्यामुळे आपण फार हुशार आहोत असा माझा समज होता. तो समज माझ्याशिवाय कोणाचाच नव्हता. वर्गात एकच मुलगी होती, माळ्याची. तिच्या बापाची संत्र्याची बाग शाळेला लागूनच होती. पहिला नंबर तिचा की माझा, एवढाच काय तो वर्गात वाद होता.

साहेबांनी आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं. वाचन झालं, शुद्धलेखन झालं. साहेब खूश दिसत होते. गुरुजींच्या कपाळावरचा घाम जरा वाळला. मग साहेबांनी गणिताचं पुस्तक उघडलं. त्यात रस्त्याकडेच्या खांबांचं एक उदाहरण होतं. गुरुजींनी ते आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी आम्ही म्हणालो असतो, ‘भागा आणि एक मिळवा.’ पण साहेब मनाने चांगले. खेड्यातली पोरं, यांनी खांब कुठे पाहिलेत, असं मनाशी म्हणून त्यांनी खांब काढले आणि झाडं घातली.

“एक शेत एकशेवीस हात लांब आहे. बारा बारा हातांवर संत्र्याचं एकेक झाड लावलं, तर एका ओळीत झाडं किती?”

मी फर्रकन अकरा लिहिलं आणि पाटी पालथी घातली. साहेब एकेक पाटी उलटत निघाले. नऊ. नऊ. नऊ. तेरा पाट्यांवर नऊ आणि एका पाटीवर अकरा.

साहेबांचा चेहरा उतरला. “मास्तर, कोणी दहा लिहिलं असतं तर मी समजलो असतो, एक मिळवायचा विसरला म्हणून. पण नऊ? आणि सगळ्यांचंच नऊ? पाठीला पाठ लावूनही ही पोरं नक्कल करतात?”

गुरुजी त्या तेरा पाट्यांकडे पाहत नुसते उभे राहिले. खरं सांगतो, साहेबांनी माझी पाटी उचलून सगळ्यांना दाखवली तेव्हा माझी छाती फुगली होती. मग माझं गुरुजींकडे लक्ष गेलं आणि मला लाज वाटली. पाटी हिसकावून घ्यावी आणि थुंकी लावून पुसून टाकावी असं वाटलं.

तेवढ्यात माळ्याची पोर उठली. “साहेब, कोनी पाहून नाही लिहिलं. नऊच लागते.”

“कशी? पहिलं झाड शेताच्या टोकाला, शेवटचं दुसऱ्या टोकाला. मोज.”

“टोकाले तं धुरा असते. धुऱ्यावर झाड लावलं तं शेजारी भांडाले येते. अन् वखराचे बैल कुठी वळवता तुमी? दोन्ही बाजूनं बारा बारा हात सोडा लागते.”

 गुरुजींनी डोळे मिटले. साहेबांशी असं कोणी बोललेलं त्या शाळेने पाहिलं नव्हतं. साहेबांनी छत्री उचलली आणि म्हणाले, “दाखव.”

सगळी शाळा बागेत गेली. पोरीचा बाप वखर हाकत होता. साहेब ओळीच्या टोकाशी, धुऱ्याच्या बांधाला लागून जाऊन उभे राहिले आणि पहिल्या झाडाकडे निरखून पाहू लागले. इतक्यात बैलजोडी त्या टोकाला आली आणि वळायला लागली. साहेब एक पाऊल मागे सरले, मग दुसरं, आणि शेवटी धुऱ्यावरच्या बाभळीला पाठ टेकून थांबले. कोटात काटे रुतले. हसायची आमची हिंमत नव्हती, पण साहेबच हसायला लागले आणि मग कोणी कोणाला आवरेना.

“बैलांना एवढी जागा लागते, हे पुस्तकवाल्याला माहीत नसावं,” काटे काढून घेत साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “अकरावाले, तुम्ही कुठले?”

“अकोल्याचा. वडील जिनात कारकून आहेत.”

“तरीच.”

पोरीचा बाप वखरावरून म्हणाला, “पोरगं हुशार हाय साहेब, पन याले वावर नोका देऊ कोनी.”

त्यावर गुरुजीसुद्धा हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

साहेबांनी नऊ आणि अकरा दोन्ही बरोबर धरले. गणितात आम्ही दोघं सारखे झालो, आणि शुद्धलेखनात माझी चूक निघाल्यामुळे पहिला नंबर तिला गेला. चौदाच्या चौदा पास. मग साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि बाकावर बसून बराच वेळ लिहिलं. दमणी गावाबाहेर गेल्यावर गुरुजींनी ते उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. ‘मास्तर कायम करण्यास योग्य’ इथपर्यंत आले आणि पुढे त्यांना वाचता येईना. राहिलेलं त्या पोरीने वाचून दाखवलं. मग कोणीतरी मारुतीच्या देवळातून गूळ आणला आणि शाळा सुटली.

मी घरापर्यंत धावत गेलो. वडील नुकतेच जिनातून आले होते, मिशांवर सरकीचा कापूस तसाच.

“काय रे, कितवा नंबर?” त्यांनी विचारलं.

“बाबा,” मी म्हणालो, “आमचे गुरुजी कायम झाले.”