डावीकडे एक जास्त

दुपारचं जेवण झालंय. खरकटी भांडी मोरीत तशीच पडलीत आणि मी चटईवर आडवी झालेय. झोपायला नव्हे हं, विचार करायला. छातीवर कागद, हातात पेन, डोक्याचा नुसता भुगा. वर पंखा कुरकुरतोय. बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचतायत, मधूनच पान उलटल्याचा आवाज येतो.

परवा रविवार. परवा कॉलेजात नसीमच्या आठवणीत व्याख्यान आहे, तिला जाऊन वर्ष झालं म्हणून. बोलणार कोण? मी. विषय काय, तर 'मुजावर नित्यसमानता आणि तिची सिद्धता'. पत्रिका छापल्या, वाटल्यासुद्धा. सिद्धतेचा मात्र अजून पत्ता नाही. मांडव घातलाय, जेवणावळीची तयारी झालीय आणि नवरदेव कोण ते ठरायचंय, अशी माझी गत.

नसीम मुजावर आणि मी, निर्मला कणसे, दोघींनी कराडच्या एकाच कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं. ऑफ तासाला लेडीज रूममध्ये बाकीच्या बायका विणकाम काढायच्या आणि आम्ही दोघी टेबलावर चिंचोके मांडून बसायचो. दोन शहाण्या बायका सातवीतल्या पोरींसारख्या चिंचोके खेळतात म्हणून शिपाईसुद्धा हसायचा. त्या चिंचोक्यांतूनच तिला ही समानता सुचली. डाव्या बाजूला बेरीज, कधी न संपणारी, प्रत्येक पदात खाली एकेक कंस वाढत जाणारी. असल्या मालिकेला हायपरजॉमेट्रिक म्हणतात, नाव घेतानाच दात हलतात. उजव्या बाजूला गुणाकार, तोही न संपणारा. नसीमचं म्हणणं, दोन्ही एकच आहेत. का एकच आहेत, तेवढं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभर त्या सिद्धतेचा नन्नाचा पाढा चालू आहे. ज्या वाटेनं जावं तिथं घोडं अडतं.

मी डोळे मिटते. नुसते मिटते.

"झोपलीस काय गं?"

पायाशी नसीम बसलीय. चष्म्याची साखळी गळ्यात, ओंजळीत फुटाणे. ती मेलीय हे मला पक्कं माहीत आहे, पण त्याचं नवल वाटत नाही. राग तेवढा येतो.

"झोपले नाही. तू घालून ठेवलेलं निस्तरतेय."

"मी काय घातलं?"

"वर तोंड करून विचारतेस? हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेलीस खुशाल! सगळं करून पाहिलं. सोपं केलं, अवघड केलं, उलटं केलं. डावीकडून निघाले की उजवीकडे पोचत नाही आणि उजवीकडून निघाले की कुठंच पोचत नाही."

"फुटाणे खा," ती म्हणते.

मी फुटाणा घ्यायला हात पुढं करते आणि आम्ही एसटी स्टँडवर उभ्या असतो. ऊन तेच, दुपारचं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत कागद. फलाट दोनच आहेत, एक डावा, एक उजवा. डाव्या गाडीत कंडक्टर घसा फोडतोय, "अंतर ठेवा, अंतर ठेवा! चिकटून बसायचं नाही!" माणसं मुकाट्यानं मधे जागा सोडून बसतायत. उजव्या गाडीत वेगळाच कारभार. तिथं सीट ठरावीक नंबरांच्याच, पण एकेका सीटवर कितीही बसा, मांडीवर बसा, डोक्यावर बसा, कुणी विचारत नाही.

"दोन्ही गाड्यांत बसायच्या तऱ्हा सारख्याच," नसीम म्हणते. "नियम वेगळे, मोजणी एक. किती सुंदर आहे बघ."

"कसलं सुंदर, माझं कपाळ! का सारख्या, ते सांग."

"ते मला माहीत असतं तर तुझ्याकडं कशाला दिलं असतं?"

ऐकलंत? मेल्यावर माणूस शहाणा होतो असं कोण म्हणतं कोण जाणे. मी पिशवी आपटते. पिशवी टेबलावर पडते, लेडीज रूमच्या. खिडकीतली कुंडी, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, सगळं जिथल्या तिथं. फक्त खुर्च्या एसटीतल्या आहेत, हिरव्या रेक्झिनच्या, फाटक्या. टेबलावर चिंचोक्यांची बरणी.

"ही तर रुबीना पुण्याला घेऊन गेली," मी म्हणते. रुबीना म्हणजे नसीमची लेक. मीच दिली होती तिला बरणी, सगळं आवरताना. "मावशी, अम्मीचं आता हे एवढंच राहिलंय," म्हणाली होती ती. बरणीबद्दल नव्हे, या समानतेबद्दल. ते वाक्य वर्षभर माझ्या मानगुटीवर बसलंय.

"नेऊ दे की," नसीम म्हणते आणि बरणीचं झाकण काढते. "आपली पहिली समानता आठवतेय?"

"आठवायला काय झालं! तोंडावर आपटलो होतो."

"मांड."

"नसीम, परवा रविवार आहे. मला वेळ नाही गं."

"मांड म्हणते ना."

मी मांडते. तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही, आता कुठलं चालणार. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्या फोडी करायच्या, म्हणजे बेरीज तीच येईल असे तुकडे. डावीकडे असल्या फोडी, की तुकड्यांमध्ये निदान तिनाचं अंतर हवं. उजवीकडे असल्या, की तुकडे फक्त सहाच्या पाढ्याच्या शेजारचे, म्हणजे एक, पाच, सात, अकरा असे, पण एकच तुकडा कितीदाही चालेल. एका फोडीला एक चिंचोका. आठपर्यंत दोन्ही बाजू बरोब्बर जुळल्या होत्या, आणि आम्ही दोघींनी नाचायचं तेवढं बाकी होतं.

"आता नऊ," ती म्हणते.

"डावीकडे अख्खे नऊ. आठ आणि एक. सात आणि दोन. सहा आणि तीन."

"चार चिंचोके. उजवीकडे?"

"सात, एक, एक. पाच आणि चार वेळा एक. आणि नऊ वेळा एक." मी तीन चिंचोके ठेवते.

नसीम दोन्हीकडचे जोडीजोडीनं उचलून बरणीत टाकते. टक, टक, टक. डावीकडे एक राहतो.

"उरला," ती म्हणते.

"माहितीये मला! तेव्हाही उरला होता."

"आणि मग?"

"मग काय. तू म्हणालीस, हा सहा-तीनच असणार. दोघं तिनाच्या पाढ्यातले, लागोपाठचे. असली जोडी डावीकडे घ्यायचीच नाही असा नियम घालू. घातला, आणि पुढं सगळं जुळलं. आणि मग कळलं, की कुण्या परदेशी बुवानं ते आपल्या जन्माआधीच सिद्ध करून ठेवलंय!"

ती खदखदून हसते. तोच तिचा हसताना येणारा खोकला. तो खोकला काही थांबेना, आणि मी पाणी द्यायला उठते तर ती कॉटवर आहे. सलाइनची बाटली, पांढरी चादर, फिनेलचा वास. चादरीवर पॅड, पॅडवर तिचं बारीक अक्षर. ती दोन्ही बाजूंचे सहगुणक मोजतेय, म्हणजे एकेका संख्येच्या फोडी किती ते, एकेक घात पुढं सरकत.

"चाळीस जुळलं," ती म्हणते, माझ्या हातात पेन देते आणि डोळे मिटते. हे अगदी असंच झालं होतं. त्याच पेनानं मी आजवर लिहितेय.

"पुढं मोजलंस?" डोळे मिटूनच ती विचारते.

"कशाला मोजू? तू चाळिसाला थांबलीस ना. म्हटलं, हिची खात्री पटली, आता सिद्धतेचं बघायचं."

"निर्मला, मी दमून थांबले होते."

माझं एकदम तोंड सुटतं.

"दमलीस तर सांगायचं नाही? वर्ष घातलं मी, वर्ष! रात्र म्हटलं नाही, सण म्हटलं नाही!"

"सांगायलासुद्धा दम लागतो गं," ती म्हणते. रागावून नाही, सहज म्हणते.

"मॅडम, सुरू करायचं का?" कुणीतरी विचारतं. मी सभागृहात उभी आहे. खुर्च्या भरल्यात. पहिल्या रांगेत रुबीना, मांडीवर पत्रिका. आणि नसीम कॉटवरून उतरून, हाताची सुई तशीच ठेवून, स्टेजवरच्या टेबलावर बरणी उपडी करतेय. एक ढीग डावीकडे, एक उजवीकडे, चांगले गुडघ्याएवढे.

"उचल," ती म्हणते.

मी दोन्ही हातांनी उचलत सुटते. एक इकडचा, एक तिकडचा, बरणीत. एक इकडचा, एक तिकडचा. बरणी काही भरत नाही. लोक जांभया देतायत. माझी कंबर मोडून येते, बोटं काळी पडतात, पण ढीग उतरत जातात आणि मला आतून बरं वाटायला लागतं, कारण जुळतंय. जुळतंय गं नसीम! उजवीकडचा शेवटचा उचलते. टेबल मोकळं.

मोकळं नाही. डावीकडे एक चिंचोका आहे.

"उरला," नसीम म्हणते.

"नाही उरला! उजवीकडचा एखादा खाली पडला असेल."

मी गुडघ्यांवर खाली बसते आणि खुर्च्यांखाली शिरते. सगळीकडे चपलाच चपला. मी त्या उचलून बघते, कुणाकुणाचे पाय बाजूला सारते, माझा पदर कुठंतरी अडकतो. रुबीनाच्या पायांशी येते. "मावशी, काय शोधताय?" ती वरून विचारते. मला वर बघायची हिंमत होत नाही. खाली कुठंच काही नाही.

"ऊठ गं," नसीम म्हणते. "हसतील लोक."

"तुझं नाव छापलंय पत्रिकेवर! काय सांगू मी या पोरीला?"

"नावाचं काय घेऊन बसलीस. हा घे." ती तो उरलेला चिंचोका माझ्या हातावर ठेवते आणि माझी बोटं एकेक करून मिटते. तिचा हात गरम आहे, तापातल्यासारखा. "टाकू नकोस याला. नऊच्या वेळीसुद्धा जो उरला, त्यानंच नियम सांगितला होता. जुळलेले काय सांगणार?"

"मला नकोय हा! मला सिद्धता हवीय!"

"निर्मला."

"आणि तू कुठं चाललीस? नसीम! मला एकटीला सोडून कुठं—"

"अगं ए! कुणाशी भांडतेयस?"

हे दारात उभे आहेत, चष्मा कपाळावर. कागद चटईभर झालेत. पंखा कुरकुरतोय. घसा असा कोरडा पडलाय, की खरंच ओरडले असणार.

"शेजाऱ्यांना वाटेल मीच काहीतरी केलं," हे म्हणतात. "आणि मूठ कशाला आवळलीय एवढी?"

मी मूठ उघडते. चिंचोका आहे. तपकिरी, तुळतुळीत, घामानं ओला. त्याची कड तळव्यात रुतून लाल वळ उठलाय.

"हा कुठला?" हे विचारतात. "आपल्याकडे चिंच कुठंय?"

खरंच नाहीये. यांच्या पित्तापायी घरात चिंच येणं कधीच बंद झालं, आमटीलासुद्धा मी आमसूलच घालते. मी उठते आणि टेबलाशी जाऊन बसते.

एक्केचाळिसावा सहगुणक काढते, दोन्ही बाजूंचा. जुळतो. बेचाळिसावा जुळतो. मला हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याचा रागही येतो. हे चहा ठेवून जातात, त्यावर साय धरते. बाहेर शाळेतून पोरं परततायत, त्यांचा गलका. त्रेचाळीस. डावी बाजू मांडते, उजवी मांडते. पुन्हा मांडते. कागद बदलून पुन्हा मांडते.

डावीकडे एक जास्त.

मी चिंचोका त्या आकड्याशेजारी ठेवते, आणि मग मला रडू येतं. वर्षभर आलं नव्हतं. मातीच्या वेळी आलं नव्हतं. समानता खोटी निघाली म्हणून नाही येत ते. ही बया कॉटवर बसून एकेक आकडा ओढत चाळिसापर्यंत आली, आणि शेजारी मी होते, आणि मला वाटलं हिची खात्री पटली.

कुठली फोड जास्त झालीय, कुठला नियम घालायचा राहिलाय, काही म्हणजे काही ठाऊक नाही. आकडा एवढंच सांगतो की एक आहे. ते शोधायला बहुतेक माझा उरलेला जन्म जाईल. जाऊ दे मेला.

दिवेलागणीला फोन वाजतो. रुबीना.

"मावशी, झालं का सिद्ध? मी रविवारी सकाळच्या गाडीनं निघतेय."

"नाही झालं. व्हायचंही नाही. त्रेचाळिसाला एक उरतोय."

"म्हणजे अम्मीचं चुकलं?"

"चुकलं बिकलं काही नाही!" मी खेकसते. बाहेरच्या खोलीतून हे डोकावतात. "दमली होती गं ती. पुढचं मोजायचं राहिलं होतं. रविवारी लोकांना तेच सांगणारेय. आणि ऐक, येताना ती बरणी घेऊन ये."

"चिंचोक्यांची? तुम्हांला किती लागतील?"

"आहेत तेवढे सगळे आण. एक माझ्याकडे आहे."