होडीचा वाटा

आमचे सारंगकाका कुठल्याही देशाला त्याच्या नावाने ओळखत नसत. तिथून बोटीत काय भरलं, तेच त्या देशाचं नाव. एक तांब्याचा देश, एक तेलाचा, एक खताच्या दगडाचं बेट. ऐंशी सालानंतर लग्न होऊन मी चिपळूणहून रत्नागिरीला, मांडवीत आले, तेव्हा हे माझे चुलतसासरे मालवाहू बोटीवरची सारंगाची, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याची, नोकरी संपवून नुकतेच घरी परतले होते. अख्ख्या पृथ्वीला चकरा मारून आलेला माणूस, आणि पडवीत खाली मान घालून जाळं विणत बसायचा. मी नवी सून, तांदूळ निवडायच्या निमित्ताने तिथेच घुटमळायची. मी भूगोल शाळेत पाठ केला होता, काकांनी तो उचलून बोटीत भरला होता. ऐकता ऐकता माझं भान हरपायचं, खडे तांदळातच राहायचे आणि जेवताना नेमके नवऱ्याच्या दाताखाली यायचे.

कुठल्याही गावाचं नाव निघालं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी कसं आहे तिथलं?" माझ्या माहेराबद्दलही त्यांनी हेच विचारलं. मी हौसेने वाशिष्ठीचं वर्णन सुरू केलं, तिचे पूरसुद्धा सांगितले. "नदीचं नाय गो विचारत," ते म्हणाले, "गरिबाच्या हंड्यात येतं का?" मग त्यांनी तांब्याच्या देशाची गोष्ट सांगितली. तिथल्या धक्क्यावर बोटीत तांबं चढवणारी माणसं काम संपलं की रिकामे डबे घेऊन खाली उभी राहत. प्यायच्या पाण्यासाठी. "पायाखाली डोंगरच्या डोंगर तांबं, आणि घशाला घोटभर पाणी नाय. कप्तान म्हणायचा, पाणी आपल्यापुरतं आहे, कोणाला द्यायचं नाय. मी रबरी नळी खाली सोडायचो."

"मग कप्तान?"

"ओरडायचा. पण इंग्रजीत ओरडायचा, मला कुठे कळतंय?"

एवढी श्रीमंत जमीन आणि माणसं अशी का, हे मला काही केल्या उमगेना. काकांनी गाठ मारता मारता सांगितलं. बोट तांब्याचा दगड घेऊन जायची, आणि पुढच्या फेरीत त्याच तांब्याची तार त्याच धक्क्यावर उतरवायची, कितीतरी पटीने महाग. खाणीत रोख मिळते म्हणून लोकांनी शेतं सोडलेली, त्यामुळे कांदासुद्धा बोटीने यायचा. परदेशी बाजारात तांब्याचा भाव पडला की सगळा देश एकदम उपाशी. "आणि राज्य करणारे?" मी विचारलं. काका म्हणाले, "त्यांना पैसे धक्क्यावरच मिळतात. मग गावात कोण कशाला फिरकेल?" हे सगळं ते कुणालाही शिव्या न देता सांगत. मी मात्र त्या दिवशी भात करपवला.

काकांचा आणखी एक हट्ट होता, होडीच्या वाट्याचा. आमची घरची होडी होती. मासळीचे वाळूवर वाटे घालत: खलाशांचे, जाळ्याचे आणि होडीचा. इतर घरांत होडीचा वाटा मालक खाऊन मोकळा होतो. आमच्याकडे त्याला हात लावायचा नाही. तो विकून जे येईल ते फळ्या, डांबर, डागडुजी ह्यासाठी बाजूला. घरात कालवणाला बोंबील नसला तरी चालेल, होडीच्या वाट्यातलं एक खवलंही आत यायचं नाही. सणाच्या दिवशीसुद्धा नाही. माझा नवरा ह्यावरून धुसफुसायचा. मीही धुसफुसले आहे, खोटं कशाला बोलू?

आणि मग तो सड्याचा प्रकार झाला. हेदवीच्या बाजूला आमच्या घराण्याचा सामाईक सडा, म्हणजे डोंगरावरचं पठार, आहे. वर नुसता कातळ, पायथ्याशी एक झरा, त्यावर खालची वाडी जगते. त्या कातळात बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा दगड निघाला. एका कंपनीचे साहेब खोदायची परवानगी मागायला आले. आमच्या ह्यांना तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. यांत्रिक होडी घ्यायचं ह्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं, ते आता दारात येऊन उभं राहिलं. सगळ्या भावकीने सह्या केल्या. उरली काकांची.

काका साहेबांना घेऊन किनाऱ्यावर गेले. होडी नुकतीच लागली होती, आमचे हे वाटे घालत होते. मी पाटी घेऊन तिथेच उभी होते.

"हा ढीग कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"होडीचा," काका म्हणाले.

साहेब हसले. "होडी मासे खाते का?"

"खात नाय. पण तिचा वाटा आपण खाल्ला, तर दोन पावसाळ्यांत ती बुडते. तुमच्या कागदात आमचा वाटा आहे, तुमचा आहे, सरकारचा आहे. सड्याचा दाखवा, मी सही करतो. दगड गेल्यावर तिथे काय राहणार, झऱ्याचं काय होणार, तेवढं लिहून आणा."

साहेब माणूस वाईट नव्हता. वर विचारतो म्हणाला. परत आला तो काकांना एकट्याला जास्त रक्कम घेऊन. काकांनी त्याला चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं.

ह्यांनी काकांशी बोलणं टाकलं. एका घरात, एका पंगतीला, पण शब्द नाही. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत. "काकांना सांग, सगळ्या गावाचं नशीब त्यांनी बुडवलं," हे मला म्हणायचे, आणि काका समोरच बसलेले असायचे. काका शांतपणे म्हणायचे, "बाळ्याला सांग, ऐकलं मी." मला दोघांचाही राग यायचा. पण पोटच्या पोरासारखा वाढवलेला पुतण्या तोंड फिरवतो आणि हा माणूस आपल्या शब्दावरून हलत नाही, हे पाहून मी वाढता वाढता आत निघून जायची.

कंपनीने शेजारच्या गावचा सडा खोदला. रस्ता झाला, तो खाणीपासून जेटीपर्यंतच. गावाला त्याचा फाटासुद्धा नाही. काका एकदा जाऊन बघून आले. बोट लाल दगड घेऊन निघाली, तेव्हा ते बांधावर उभे होते म्हणे. घरी येऊन जेवले नाहीत. पुढे दगडाचा भाव पडला, ट्रक थांबले, लाल खड्डा राहिला. आणि एका उन्हाळ्यात त्या गावच्या विहिरी आटल्या.

त्याच उन्हाळ्यात काकांनी अंथरूण धरलं. आमचे हे न सांगता दोन दिवस कुठेतरी निघून गेले. मी त्यांना मनातल्या मनात चांगलंच खडसावून ठेवलं होतं. परत आले ते हातात पाण्याचा तांब्या घेऊन, सरळ काकांच्या उशाशी बसले. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलले. "काका, घोट घ्या."

काकांनी पाणी तोंडात घोळवलं. "आपला झरा," ते म्हणाले. मग, "पलीकडच्या गावच्या बायका येतात काय रे?"

"येतात. हंडे घेऊन कातळ चढतात."

"मग? देता ना?"

"नळी टाकली आहे, काका. झऱ्यापासून खाली त्यांच्या वेशीपर्यंत. होडीच्या वाट्यातून आणली."

"कोण ओरडलं नाय?" काकांनी विचारलं.

"ओरडणारा मीच होतो," हे म्हणाले, आणि तांब्या पुन्हा त्यांच्या ओठांना लावला.