'जाते' आणि 'येते' यांच्यातलं अंतर

मोगरा आणि पेट्रोल यांचा वास कधी एकत्र आला, की मला मीनंबाक्कमचा विमानतळ आठवतो. कठड्यापलीकडे विमानाचे पंखे गरगरू लागले होते, त्या वाऱ्यात सौभाग्यवतीचा पदर ध्वजासारखा फडफडत होता, आणि शिडीकडे वळता वळता ती ओरडून म्हणाली, "जाते हं."

भाजी आणायला निघतानाही 'येते' म्हणणारी ही बाई. मी चुकून 'जातो' म्हटलं, तर उंबऱ्यावरून परत बोलावून 'येतो' वदवून घेणारी. पण तिला तरी काय दोष द्यावा? बंगळूरहून जावयांची तार आली होती: कुसुमची प्रसूती अवघड आहे, आईंना ताबडतोब पाठवा. आगगाडीची वाट पाहण्याइतका धीर कोणालाच नव्हता, आणि विमानात जागा मिळाली ती एकच. जन्मात प्रथमच उडणाऱ्या त्या माउलीच्या जिभेवर शुभाशुभाचं भान कुठून राहावं?

मी स्वतःला बुद्धिवादी समजतो. शेजारचे वेंकटराव, तंजावरकडचे मराठी, सकाळी राहुकाळ पाहून हळहळले, तेव्हा विमान पंचांग बघून उडत नाही, असं मीच त्यांना ऐकवलं होतं. माझा तो बुद्धिवाद विमानाबरोबर आकाशात गेला आणि माझ्यापाशी उरला फक्त एक शब्द.

मद्रास ते बंगळूर, हवेतून जेमतेम सव्वा तास. मला मात्र मद्रासबाहेर आवडी नावाच्या गावातल्या आमच्या क्वार्टरपर्यंत पोहोचायला विजेची गाडी, मग सेंट्रलहून कोळशाची गाडी आणि शेवटी पायपीट, असे पुरते अडीच तास लागले. खिडकीतून मी रिकामं आभाळ न्याहाळत होतो. आता वेल्लोर आलं असेल, आता कोलार. मी पेरंबूरच्या धुरात खोळंबलो होतो, तेव्हा ती म्हैसूर राज्यात उतरलीही असेल. अंतर मोजावं तरी कशानं? मैलांनी, मिनिटांनी, की मागे राहणाऱ्यानं किती वेळा घड्याळ पाहिलं त्यावरून?

व्हरांड्यात बसलो, तर वेंकटराव न विचारता कॉफी घेऊन आले. मी ओशाळत त्यांना तो शब्द सांगितला.

"आमच्यात 'जाऊन येतो' म्हणतात, राव," ते म्हणाले. "तमिळांचंच वळण ते. वैनींनी अर्धं म्हटलं. उरलेलं अर्धं यायचंय."

सकाळचा मी हसलो असतो.

चारच्या सुमारास तार आली. मी ती न उघडताच पुढे केली आणि वेंकटरावांनीच ती वाचली: मुलगी झाली, दोघी सुखरूप, आई म्हणतात येते. चष्मा काढून त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. "घ्या. उरलेलं अर्धं."

छातीवरचा धोंडा असा उतरला, की थंड झालेली कॉफीही मला गोड लागली. शेजारपाजारी मात्र त्या 'येते'वरून बातमी पसरली, की बाई गेल्या पावली परत निघाल्या. पुढे जावई सांगत होते, तारेतले ते शेवटचे शब्द कशाला हवेत म्हणून त्यांनी खोडायला घेतले, तर सासूबाईंनी पेन धरून ठेवलं. विमान ढगांत शिरल्यावर तिला चूक आठवली होती, आणि तिथून परत कुठे वळता येतं?

सव्वा महिन्यानं ती आगगाडीनं आली. त्या शब्दावरून मी तिला अजून चिडवतो, ती अजून ऐकून घेते. एक गोष्ट मात्र आम्हां दोघांनाही ठाऊक आहे आणि आम्ही दोघंही ती बोलत नाही. त्या मोगऱ्याच्या, पेट्रोलच्या वाऱ्यात ती 'जाते' म्हणाली, तेव्हा कठड्याला रेलून मीही हात हलवत म्हणालो होतो, "बरं, जा."